विल्फ्रेडवरची संचारबंदी

स्वातंत्र्य हे कोणी कुणाला द्यायचं नसतं. प्रत्येक जीव ते जन्मताना अंगावर घेऊनच येतो. आणि ज्या समाजाला आपल्या सर्वांत लहान रहिवाशाचं स्वातंत्र्य राखता येत नाही, त्याला संस्कृतीविषयी बोलण्याचा अधिकार उरत नाही.

ही वाक्यं मी भर रस्त्यात, ताठ उभं राहून, खणखणीत आवाजात उच्चारली. त्या वेळी माझ्या डोक्यावर व्हॅनिला आइस्क्रीमचा चार लिटरचा रिकामा डबा होता. डब्याच्या मागच्या बाजूला काळ्या शाईनं दोन मोठे डोळे काढले होते. माझ्या हातात एक निळा पट्टा होता, तो सरळ वर निलगिरीच्या झाडात गेला होता आणि त्याच्या वरच्या टोकाला आमचा बोका विल्फ्रेड होता. समोर जमलेल्या श्रोत्यांपैकी एकानं, एवढं मोठं आइस्क्रीम हल्ली कुठे मिळतं, असं विचारलं. बाकीच्यांना काहीच शंका नव्हत्या.

इथवर पाळी कशी आली ते सविस्तर सांगतो, कारण वॅटलबरी गावात या प्रकरणाच्या ज्या आवृत्त्या फिरतायत त्या सगळ्यांत मी मूर्ख ठरतो. एकीत तर झाडावर मी आहे आणि पट्टा बोक्याच्या हातात.

आमच्या नगरपालिकेला वाचनालयासमोरचा खड्डा आजवर बुजवता आलेला नाही. तो खड्डा आता इतका जुना झालाय की लोक पत्ता सांगताना त्याचा उपयोग करतात. पण मांजरांचा विषय निघाला आणि याच पालिकेच्या अंगात वारं शिरलं. मांजरं रानपाखरं खातात, म्हणून पाळीव मांजर दिवसरात्र मालकाच्या कुंपणाच्या आत हवं, असा कायदा झाला. बाहेर न्यायचं तर पट्टा लावून. दुसऱ्याच्या जागेत, त्याच्या संमतीशिवाय सापडलं तर ते मोकाट समजायचं. पहिल्या वेळी समज, दुसऱ्या वेळी कोंडवाडा. आणि कोंडवाड्यातून मांजर परत द्यायचं की नाही ते पालिका ठरवणार.

पाखरांविषयी मला आकस नाही. पण त्याच आठवड्यात आमच्या रस्त्यावरच्या मॅगपायनं पोस्टमनच्या कानाचा लचका तोडला. वसंत ऋतू आला, घरट्यात अंडी पडली की हा काळापांढरा दांडगट पक्षी मागून येऊन माणसांच्या टाळक्यावर झडप घालतो. त्याला समज दिली? त्याला पट्टा लावला? नाही. पालिकेनं लोकांनाच सांगितलं की डोकं झाका आणि त्याच्या नजरेला नजर देऊ नका. म्हणजे चोच मारणारा मोकळा आणि ऊन खात बसणारा आरोपी.

विल्फ्रेड पंधरा वर्षांचा आहे. एक कान अर्धा, वरचे दोन दात पडलेले, आणि गुडघ्यांची अवस्था माझ्यासारखी. त्यानं शेवटचं पाखरू धरलं त्याला किती पंतप्रधान होऊन गेले मला आठवत नाही. अर्थात आमच्याकडे पंतप्रधान ज्या झपाट्यानं बदलतात ते पाहता त्यावरून काळाचा अंदाज लागणार नाही.

त्याला पहिली समज मिळाली ती शेपटीमुळे. आमच्या उजव्या हाताला बेरिल ट्रुस्कॉट राहते. गळ्यात दुर्बीण, अंगणात पाखरांसाठी दाण्यांची ताटली. विल्फ्रेड आमच्या दोघांमधल्या सामाईक कुंपणावर बसला असताना तिनं फोटो काढून पालिकेला पाठवला. पालिकेची प्राणी-अधिकारी टॅमसिन चौकशीला आली. मी तिला फोटोतच दाखवून दिलं की बोक्याचं मुख्य अंग आमच्या हद्दीत आहे, पलीकडे फक्त शेपूट लोंबतेय. टॅमसिन शांत स्वभावाची मुलगी आहे. ती म्हणाली, कायद्यात शेपटीची वेगळी तरतूद नाही, शेपूट म्हणजे मांजरच. आणि पुन्हा सापडला तर मला त्याला न्यावं लागेल.

पंधरा वर्षांच्या बोक्याला कोंडवाड्यातून कोण घरी नेणार, आणि कोणी नेलं नाही तर पुढे काय होतं, हे मला आणि माझ्या बायकोला, नोएलीनला, ठाऊक होतं. नोएलीननं हॉलमधली त्याची उशी उचलली आणि पलंगाशेजारी आणून ठेवली.

मी मात्र पेटून उठलो. कायद्याला पट्टा हवाय ना, मग पट्टा लावून मी त्याला रोज राजरोस फिरवणार, असं जाहीर केलं. निळा पट्टा आणला. तो विल्फ्रेडच्या छातीभोवती बांधला मात्र, बोका आडवा झाला. म्हणजे बसला नाही, झोपला नाही. अंगातली सगळी हाडं कुणीतरी काढून घेतल्यासारखा पसरला. पहिले तीन दिवस मी त्याला फिरवला असं म्हणण्यापेक्षा आमच्या फुटपाथवरून पुसत नेला असं म्हणणं योग्य होईल.

चौथ्या दिवशी मॅगपाय आला. मी तयारीत होतो. मागून डोळे काढलेला डबा डोक्यावर असला की पक्ष्याला वाटतं माणूस आपल्याकडेच बघतोय. आमच्या गावात वसंतात शाळामास्तरांपासून पाद्र्यापर्यंत सगळे डबे घालूनच हिंडतात. मला संरक्षण होतं. विल्फ्रेडला नव्हतं. झडपेचा वारा लागताच त्याला एकदम तारुण्य आलं. तो आधी माझ्या पायावरून वर आला, मग पाठीवरून, मग डब्यावरून, आणि तिथून झाडावर. पट्टा माझ्या हातातून सुटून वर लोंबू लागला.

नेमकी त्याच वेळी टॅमसिनची गाडी येऊन थांबली. मी म्हटलं, पट्टा लावलेला आहे, स्वतः पाहून घे. ती म्हणाली, पट्टा दिसतोय, पण त्याच्या खालच्या टोकाला कोणी दिसत नाही. झाड पालिकेचं आहे. ही जागा तुमची नाही. तेव्हा मी गाडी वळवून परत येईपर्यंत ते टोक तुमच्या हातात असलं तर फार बरं होईल.

मी उडी मारून टोक धरलं. आणि धरून राहिलो. दुपारभर.

हातात पट्टा धरून झाडाखाली उभ्या असलेल्या माणसाजवळ लोक जेवढ्या मोकळेपणानं येतात, तेवढे दुसऱ्या कुणाजवळ येत नाहीत. एका बाईनं ट्यूना माशाचा डबा उघडून धरायला सांगितलं आणि स्वतःच्या पिशवीत तो असूनही दिला नाही. आमच्या डाव्या हाताचा शेजारी, निवृत्त प्लंबर डेस पेंगेली, शिडी घेऊन आला, ती झाडाला टेकवून पाहिली, पुरत नाही म्हणाला, आणि मग तिच्याच एका पायरीवर बसून सँडविच खाऊ लागला. नोएलीन दुकानातून परत येताना रस्त्याच्या पलीकडून गेली. तिनं मला नमस्कार केला, पण ओळख नसलेल्या माणसाला करतात तसा. या एकूण वातावरणात मी स्वातंत्र्यावरची ती वाक्यं उच्चारली. जेवणाची वेळ झाल्यावर विल्फ्रेड आपण होऊन उतरला. डब्यावर.

त्या संध्याकाळी डेसनं निकाल दिला. "पट्टा सोड आता. मागच्या अंगणात जाळीचा पिंजरा बांध त्याला. ऊन मिळेल, हवा मिळेल, आणि कोणाच्या बापाला बोलायला जागा नाही. एका शनिवारचं काम आहे, गड्या."

डेसच्या शेडमध्ये गेल्या चाळीस वर्षांत गावानं टाकून दिलेली प्रत्येक वस्तू आहे. एका शनिवारचं काम हे शब्द तो उच्चारतो तेव्हा कोणता शनिवार ते सांगत नाही. तरी मी बिअरचा खोका विकत घेतला. आमच्याकडे शेजाऱ्याला मजुरी देणं हा अपमान समजतात आणि बिअरचा खोका न देणं हा गुन्हा.

डेसनं आखलेला पिंजरा माणसापेक्षा उंच होता, म्हणून मी परवानगीसाठी पालिकेत गेलो. खिडकीवरच्या बाईनं सांगितलं की मांजरासाठी एवढं बांधकाम करायचं तर नकाशा हवा, सांडपाण्याच्या नळाची जागा दाखवायला हवी आणि शेजाऱ्यांचं लेखी ना-हरकत पत्र हवं. म्हणजे बेरिलचं. मी परत आलो. डेस म्हणाला, पक्ष्यांच्या पिंजऱ्याला परवानगी लागत नाही, नुसतं कळवायचं असतं. मी माझ्या मेव्हण्याला पोपटांचा बांधून दिलाय. तेव्हा पक्ष्यांचा म्हणून सांग.

मी आयुष्यात सरकारशी खोटं बोललेलो नाही. निदान पिंजऱ्याच्या बाबतीत तर नाहीच. पण मांजर बाहेर सोडू नका असंही तेच सांगणार आणि आत ठेवायची जागाही तेच अडवणार, तर माणसानं करायचं काय? मी दुसऱ्या दिवशी त्याच खिडकीवर जाऊन पक्ष्यांचा पिंजरा म्हणून सांगितलं. बाईनं विचारलं, कोणते पक्षी? मी म्हटलं, लहान. तिनं लहान असं लिहून घेतलं.

काम सुरू झालं. डेसला एकदा हातोडी सापडली की थांबता येत नाही. पिंजऱ्याला एक मजला होता त्याचे दोन झाले. गुडघे दुखणाऱ्या बोक्यासाठी उतरता जिना झाला, पावसाळी दिवसांसाठी पत्र्याचं छोटं छप्पर झालं, आणि वर ऊन खायला एक रुंद फळी. या सगळ्याला मिळून मी आणखी तीन खोके आणले. फक्त वरची जाळी टाकायची राहिली होती, आणि तेवढ्यात फुटबॉलच्या अंतिम फेऱ्या आल्या.

डेसचा संघ कधी नव्हे तो अंतिम सामन्यात पोचला होता. त्या पंधरवड्यात आमच्या गावात लग्नं होत नाहीत, दातही कोणी काढून घेत नाही. डेस म्हणाला, शनिवारी सामना, रविवारी छत. शनिवारी त्याचा संघ हरला. रविवारी डेसच्या शेडचं दार बंद होतं. सोमवारीही. मी दार ठोठावलं तर आतून, गेलेल्या माणसाविषयी बोलावं तशा आवाजात, फक्त पंचाचं नाव ऐकू आलं.

या दुखवट्याच्या काळात पिंजऱ्यात बिऱ्हाड आलं. विली वॅगटेल: मुठीत मावेल एवढा पक्षी, काळा, पोट पांढरं, शेपूट क्षणभर स्थिर नाही. वरून उघड्या छतातून ही जोडी आत शिरली आणि विल्फ्रेडच्या ऊन खायच्या फळीवर त्यांनी वाटीसारखं सुबक घरटं बांधलं. नोएलीन विल्फ्रेडला विंचरून झाल्यावर केस अंगणात झटकायची. ते सगळे केस पाखरांनी आतून अस्तराला लावले होते. बोक्याच्या पिंजऱ्यात, बोक्याच्या फळीवर, बोक्याच्याच लोकरीवर तीन अंडी. मी कुंपणाशी उभा राहून हे बघत होतो तेव्हा पलीकडे बेरिलनंही दुर्बीण लावली होती. तिनं डोळे पुसले आणि टॅमसिनला फोन केला.

टॅमसिन आली, पाहून हरखली, आणि मग अधिकारी झाली. देशी पाखराचं घरटं, त्यात अंडी. हात लावायचा नाही, हलवायचं नाही, ठोकाठोक करायची नाही. पिल्लं उडेपर्यंत या अंगणात मांजर नको.

मी म्हटलं, "अगं, पण तो पिंजराच मुळी..." आणि इथे, गडबड ऐकून शेडमधून बाहेर आलेल्या डेसनं माझ्या पायावर पाय दिला.

टॅमसिननं आपल्या फोनमध्ये काहीतरी पाहिलं. "आमच्याकडे हा पक्ष्यांचा पिंजरा म्हणून नोंदलाय, क्लाइव्ह. लहान पक्ष्यांचा. त्यात लहान पक्षी आहेत. मला यात काही चुकीचं दिसत नाही."

यानंतर आमच्या घरात जी व्यवस्था लागू झाली तिला काय म्हणावं ते कायद्याच्या जाणकारांनी सांगावं. पाखरं पिंजऱ्यात होती आणि हवी तेव्हा बाहेर जात होती. विल्फ्रेड काचेमागे होता. आणि मीही काचेमागे होतो, कारण मी कपडे वाळत घालायला अंगणात पाऊल टाकलं की नर वॅगटेल थेट माझ्या भुवईवर यायचा. नोएलीनला काही करत नसे. डेसलाही नाही. बेरिल तर घडीची खुर्ची घेऊन आमच्याच अंगणात येऊन बसायची आणि तिला पाहून तो शेपूट हलवायचा. हळूहळू तिच्या पक्षीमंडळाच्या बायका बघायला येऊ लागल्या. नोएलीन त्यांना चहा आणि केक द्यायची. मी आणि विल्फ्रेड खिडकीतून पाहत राहायचो. एका बाईनं आम्हाला हात केला. दोघांना मिळून एकदा.

विल्फ्रेड खंगत चालला होता. तो खायचा, पण तोंडदेखलं. दिवसभर मागच्या दाराच्या फटीशी नाक लावून बसायचा. नोएलीन म्हणाली, पिल्लं उडेपर्यंत हा टिकेल का रे? मी उत्तर द्यायच्या ऐवजी भाषण लिहायला घेतलं. कायद्यावर लोकांची मतं ऐकायला पालिकेनं सभा बोलावली होती आणि मी ठरवलं होतं की त्या सभागृहाच्या भिंतींनी आजवर जे ऐकलं नाही ते त्यांना ऐकवायचं.

सभेच्या दिवशी दुपारी मी कपडे धुण्याच्या खोलीत विल्फ्रेडपुढे तालीम केली. तो उत्तम श्रोता आहे. पहिल्या मुद्द्याला तो हलला नाही. दुसऱ्या मुद्द्याला, ‘ही दारं आज ना उद्या उघडावीच लागतील’ या वाक्यावर, मी उजवा हात जोरानं बाजूला फेकला. तो दाराच्या कडीला लागला. कोपर इतकं झिणझिणलं की मी डोळे मिटून तिसरा मुद्दाही पुरा केला. डोळे उघडले तेव्हा दार उघडं होतं आणि श्रोता नव्हता.

मला हसू येण्यासारखं यात काही नव्हतं. नोएलीनचा चेहरा मी लग्नानंतर इतका पांढरा पाहिलेला नाही. शोधायचं होतं, पण त्याच्या नावानं हाका मारल्या तर बोका सुटलाय हे आपणच गावाला कळवण्यासारखं. म्हणून आम्ही कुजबुजत हाका मारत फिरलो. ज्याला एकाच कानानं ऐकू येतं अशा बोक्याला कुजबुजून बोलावणं हे किती निरर्थक आहे ते आम्हाला दोघांनाही कळत होतं. झुडपाखाली, डेसच्या शेडखाली, वाळूच्या ढिगामागे. मग नोएलीन थांबली आणि तिनं माझा बाहू धरला.

बेरिलच्या दारात टॅमसिनची गाडी उभी होती. घरट्यावर नजर टाकायला ती आठवड्यातून एकदा येत असे. फाटकातून दिसत होतं: दाण्यांच्या ताटलीच्या खांबाशी विल्फ्रेड बसलेला, आणि त्याच्यासमोर टॅमसिन, हातात जाळीच्या दाराची पेटी.

"हा विल्फ्रेडच ना, क्लाइव्ह?" टॅमसिन म्हणाली. तिच्या आवाजात अधिकार नव्हता, त्यामुळे मला जास्त भीती वाटली.

नाही म्हणावं असं क्षणभर आलं मनात. पण विल्फ्रेड मला बघून उठला, सावकाश चालत आला आणि माझ्या बुटावर बसला. त्याला सोंग येत नाही.

माझं सबंध भाषण खिशात होतं. मी तो खिसा चाचपत राहिलो. नोएलीनच पुढे झाली. "पेटीत नको घालूस त्याला. पेटीत त्याला धाप लागते. मी मांडीवर घेऊन बसते तुझ्या गाडीत."

"कुठे नेताय त्याला?" बेरिल पायरीवर येऊन उभी होती. हातात दाण्याचा डबा.

टॅमसिन म्हणाली, "बेरिल, हा दुसऱ्यांदा तुमच्या जागेत..."

"मी बोलावलंय त्याला."

"तुम्ही?"

"जागा माझी, संमती माझी. संमतीशिवाय आला तर मोकाट ना? हा मोकाट नाही. पाहुणा आहे."

"अहो, पहिली समज तुमच्याच तक्रारीवरून दिली मी."

"तेव्हा बोलावलं नव्हतं," बेरिल म्हणाली.

टॅमसिननं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा बोक्याकडे. मग ती पेटी गाडीत ठेवून आली, घरटं पाहिलं, पिल्लं छान आहेत म्हणाली आणि निघून गेली. नोएलीन तिथेच गवतावर बसली आणि विल्फ्रेडच्या अर्ध्या कानामागे खाजवू लागली. बराच वेळ. सभेची आठवण कुणालाच राहिली नव्हती.

अशा प्रसंगी कोणीतरी चार शब्द बोलायला हवेत, आणि जमलेल्यांत तो अधिकार कुणाचा हे उघड होतं. मी घसा खाकरला. म्हटलं, "बेरिल, आज तू जे केलंस ते एका बोक्यापुरतं नाही. ज्या समाजात शेजारी शेजाऱ्याच्या..."

"क्लाइव्ह," बेरिल म्हणाली, आणि मग आवाज खाली आणून, पक्षीमंडळाला कळता कामा नये अशा सुरात, "माझ्या दाण्यांवर उंदीर झालेत. इथून कुंपणावर चढतात आणि तुमच्या पिंजऱ्याकडे जातात, पिल्लांकडे. दोन दिवस झोप नाही मला. आज हा येऊन बसल्यापासून एक दिसला नाही. करत काही नाही, नुसता बसतो. आणि मान वर होत नाही त्याची, पाखरांकडे बघतसुद्धा नाही. रोज संध्याकाळी तासभर येऊ देशील का त्याला?"

मी म्हटलं, का नाही, मी स्वतः रोज घेऊन येईन, आणि त्या निमित्तानं या कायद्याच्या मुळाशी जे तत्त्व आहे त्यावर आपण निवांत...

"नोएलीन आणील," बेरिल म्हणाली. "तू येऊ नकोस. पाखरं बिचकतात."